बंद न होणारी आणि सुरू न होणारी : जुनी व नवी आलिशान डिझेल गाडी

गेल्या वर्षभरात तीन परिचितांनी मला जवळपास एकच प्रश्न विचारला आहे. डिझेलवर चालणारी मोठी जर्मन गाडी घ्यायची आहे, पण कोरी परवडत नाही. तेव्हा चार-पाच वर्षे वापरलेली, भारत स्टेज ६ या प्रदूषण मानकाची गाडी घ्यावी, की तिच्या पाव किमतीत मिळणारी नव्वदच्या दशकातली गाडी घेऊन उरलेले पैसे तिच्या देखभालीसाठी बाजूला ठेवावेत? अशा दोन गाड्या तीन वर्षे माझ्या दारात शेजारी शेजारी उभ्या होत्या आणि त्यांतली एक मी विकली, त्यामुळे हा प्रश्न माझ्यापुरता सुटलेला आहे. दुसऱ्याचे शहर, वापर आणि स्वभाव वेगळा असू शकतो, हे गृहीत धरूनच पुढचे वाचावे.

जुनी गाडी म्हणजे १९९६ ची मर्सिडीज ई २५० डिझेल, शौकिनांच्या भाषेत डब्ल्यू १२४. ती पुण्याचीच लेक आहे. टेल्कोबरोबरच्या (आजची टाटा मोटर्स) भागीदारीतून मर्सिडीजने १९९५ मध्ये पिंपरीच्या कारखान्यात या गाड्यांची जुळणी सुरू केली. युरोपात त्याच वर्षी तिची जागा डब्ल्यू २१० ने घेतली होती, आणि तिकडे निरोप दिलेले मॉडेल आपल्या गळ्यात मारले, अशी येथील ग्राहकांची भावना झाली होती. आज विचार करता ते आपल्या पथ्यावरच पडले असे मला वाटते, कारण डब्ल्यू २१० चा पत्रा किती लवकर गंजतो हे जगभरच्या मालकांना पुढे कळून चुकले. नवी गाडी २०२० ची, तीही जर्मन आणि त्याच वर्गातली. तिचे नाव मी मुद्दाम घेत नाही, कारण जे सांगणार आहे त्याचा संबंध एका कंपनीशी नसून आजच्या डिझेल गाडीच्या रचनेशी आहे.

आरामाबद्दल फार लिहीत नाही. नव्या गाडीत बसल्यावर डिझेल इंजिन चालू आहे याचा पत्ताही लागत नाही, तिचे वातानुकूलन मे महिन्यातल्या सोलापूर रस्त्यावरही हार मानत नाही, आणि ओव्हरटेक करताना जी ताकद हाताशी येते तिच्यापुढे जुनी गाडी बैलगाडीच वाटेल. इंधनही ती कमी पिते. इंजिनाच्या मूळ लोखंडी अंगाबद्दल विचाराल तर दोन्हींबाबत माझी तक्रार नाही. पिस्टन, क्रँक, टायमिंग चेन यांपैकी कशानेही मला कधी त्रास दिला नाही. आलिशान डिझेल गाड्यांच्या विश्वासार्हतेची चर्चा अनेकदा इंजिन किती लाख किलोमीटर टिकते या मुद्द्यावरच अडकून पडते. माझ्या अनुभवात मात्र प्रश्न उभा राहिला तो इंजिनाला जोडलेल्या, पण इंजिन नसलेल्या गोष्टींमुळे.

माझी पसंती ज्या प्रसंगाने ठरली तो सविस्तर सांगतो. गणपतीसाठी आम्ही पुण्याहून रत्नागिरीजवळच्या आमच्या गावी निघालो होतो. आई बरोबर होती, तिचे वय ब्याऐंशी. कराडला चहाला थांबून पुन्हा गाडी सुरू केली, तेव्हा समोरच्या पडद्यावर पिवळ्या अक्षरांत सूचना आली की धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रणेत दोष आहे आणि ८०० किलोमीटरनंतर इंजिन सुरू होणार नाही. आधी वाटले, धूर शुद्ध करायला लागणारा युरिया संपत आला असेल. पण टाकी आठवड्यापूर्वीच पंपावरून डीईएफची, म्हणजे युरियाच्या द्रावणाची, वीस लिटरची बादली आणून मी स्वतः भरली होती. गाडी नेहमीसारखीच पळत होती. आवाज नाही, धूर नाही, ताकद कमी झालेली नाही. तिच्यात काही बिघडले आहे हे त्या पडद्याखेरीज कोणालाही सांगता आले नसते.

त्या दिवसापासून आमच्या सणात आकडेमोड शिरली. कोल्हापूर आणि आंबा घाटाच्या वाटेने गावी पोहोचेपर्यंत दोनशे पाच किलोमीटर खर्च झाले. परतीचे तीनशे पासष्ट बाजूला ठेवायचे. म्हणजे गावातल्या पाच दिवसांसाठी दोनशे तीस उरतात, आणि त्यांतलेही शंभरेक राखून ठेवलेले बरे, कारण आईला रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यावे लागले तर? तिसऱ्या दिवसापासून गाडी अंगणात उभी करून मी रत्नागिरीच्या फेऱ्यांसाठी गावातल्या रिक्षावाल्याला सांगू लागलो. येताना कोल्हापूरच्या कार्यशाळेत दाखवली, तर तेथे स्कॅनर लावून सांगितले की नायट्रोजनचे ऑक्साइड मोजणाऱ्या दोन सेन्सरपैकी मागचा गेला आहे आणि तो सध्या शिल्लक नाही. किलोमीटरची उलटी मोजणी थांबवता येईल का, असे विचारले. सेन्सर बदलल्याशिवाय ती थांबत नाही, असे उत्तर मिळाले. पुण्याला दारात पोहोचलो तेव्हा पडद्यावर १७० हा आकडा होता. पुढचे अकरा दिवस गाडी कार्यशाळेत सेन्सरची वाट पाहत उभी होती आणि बिल साठ हजारांच्या पुढे गेले.

ही मोजणी कशासाठी असते, हे समजून घेतले पाहिजे. भारत स्टेज ४ मध्ये डिझेल मोटारीला किलोमीटरमागे २५० मिलिग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडची मुभा होती. भारत स्टेज ६ मध्ये ती ८० मिलिग्रॅमवर आली. हे साधायला मोठ्या गाड्यांत धुराच्या नळीत युरियाचे ३२.५ टक्क्यांचे द्रावण फवारतात, त्यातून अमोनिया तयार होतो आणि उत्प्रेरकाच्या साहाय्याने विषारी ऑक्साइडचे साधा नायट्रोजन व पाणी यांत रूपांतर होते. मालकाने युरिया भरणेच सोडून दिले तर ही सगळी योजना कागदावर राहील, म्हणून यंत्रणा बंद पडल्यास ठरावीक अंतरानंतर गाडी पुन्हा सुरू होऊ नये, अशी सक्ती नियमातच घातलेली आहे. हेतू योग्य आहे, आणि शहराच्या हवेसाठी तो आवश्यक आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. अडचण अशी की युरिया न भरणारा मालक आणि युरिया भरूनही मोजणारा सेन्सर खराब झालेला मालक, या दोघांना गाडी एकाच मापाने मोजते. आणि तो सेन्सर बिघडण्याची शक्यता लहान नाही. तो चिनी मातीसारख्या पदार्थाचा, आतून शेकडो अंशांपर्यंत तापवला जाणारा नाजूक भाग आहे. धुराच्या नळीत साचलेल्या पाण्याचा थेंब तापलेल्या सेन्सरवर पडला तर तो तडकतो. छोट्या फेऱ्यांत नळी पुरेशी तापत नाही, म्हणून तेथे पाणी साचते, आणि पुण्यासारख्या शहरात गाडीच्या नशिबी छोट्या फेऱ्याच जास्त.

काजळीच्या गाळणीची गोष्टही याच जातीची आहे, फक्त ती सवयीने सांभाळता येते. गाळणीत अडकलेली काजळी जाळायला सुमारे ६०० अंश तापमान लागते, त्यासाठी गाडी काही वेळ सलग चालावी लागते. कोथरूड ते कॅम्प अशा ये-जा करण्यात ते जमत नाही. जाळण्याची प्रक्रिया अर्धवट सुटत राहिली की जादा सोडलेले डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरते आणि ऑइलची पातळी घटण्याऐवजी वाढते. मी दर पंधरा दिवसांनी पहाटे द्रुतगती मार्गाने लोणावळ्यापर्यंत जाऊन येत असे, आणि गाळणीने मला कधी दगा दिला नाही. ज्यांचे आठवड्याला दोन-तीनशे किलोमीटर महामार्गावर होतात त्यांनी ही काळजी करू नये. पण गाडीला फिरायला न्यावे लागते, ही जाणीव मात्र राहते.

आता जुनीकडे येतो. ऐंशी-नव्वदच्या दशकांतल्या मर्सिडीज डिझेल इंजिनांचा एक गुण असा की एकदा सुरू झाल्यावर त्यांना विजेची फारशी गरजच उरत नाही. हीटर प्लग तापवायला आणि स्टार्टर फिरवायला बॅटरी लागते. त्यानंतर पंप डिझेल पाठवतो, नोझल शे-सव्वाशे बार दाबाला उघडते आणि दाबलेल्या हवेच्या उष्णतेने ते पेटते. आजच्या कॉमन रेल, म्हणजे सर्व इंजेक्टरांना एकाच सामायिक नळीतून दाबाखाली डिझेल पुरवणाऱ्या, इंजिनात हाच दाब दोन हजार बारच्या आसपास असतो. पहिल्या कॉमन रेल मर्सिडीजमध्येही, १९९७ मध्ये, तो १३५० होता. एवढ्या दाबाला इंजेक्टरमधल्या फटी किती सूक्ष्म असाव्या लागतात याचा विचार केला, म्हणजे डिझेलमधले पाणी किंवा गाळ नव्या गाडीला इतका महाग का पडतो हे लक्षात येते. आडबाजूच्या पंपावर जुन्या गाडीत डिझेल भरताना माझा हात कधी थबकला नाही. नव्या गाडीत थबकत असे.

त्या इंजिनांचा ठरलेला दोष नेमका उलट्या बाजूचा आहे. चावी फिरवून गाडी बंद करतो तेव्हा प्रत्यक्षात निर्वाताच्या जोरावर पंपाचे डिझेल तोडले जाते. हा निर्वात पोहोचवणाऱ्या रबराच्या बारीक नळ्यांपैकी एखादी म्हातारपणाने चिरली, की चावी हातात काढून घेतली तरी इंजिन शांतपणे चालूच राहते. गाडी घेतली त्याच दिवशी आमच्या मिस्त्रींनी बॉनेट उघडून मला पंपाजवळचा एक छोटा खटका दाखवला. त्यावर इंग्रजीत थांबण्याचा शब्द कोरलेला आहे. ‘साहेब, कधी बंद नाही झाली तर हा दाबायचा. एवढंच लक्षात ठेवा,’ असे ते म्हणाले. कारखान्यातल्या अभियंत्याने हा दोष कधीतरी उद्भवेल हे ओळखून मालकाच्या हाताला पोहोचेल असा उपाय आधीच ठेवून दिला होता. कराडच्या चहाच्या टपरीबाहेर पडद्यावरची पिवळी अक्षरे वाचताना मला तो खटकाच आठवत होता, कारण नव्या गाडीत माझ्या हाताला पोहोचेल असे काहीच नव्हते. नवा सेन्सर मी स्वतः आणून दिला असता, तरी गाडीच्या संगणकाशी त्याची ओळख करून द्यायला अधिकृत कार्यशाळेची उपकरणे लागलीच असती.

विश्वासार्हता या शब्दाचा माझ्यापुरता अर्थ त्या प्रवासात बदलला. बिघाडांची संख्या मोजायची तर दोन्ही गाड्यांत फार अंतर पडणार नाही. नव्या गाडीची बाजू मांडणारा कदाचित जिंकेलही. पण बिघाड झालेल्या गाडीने मला घरी पोहोचवावे आणि दुसऱ्या दिवशी जवळच्या माणसाच्या हातून दुरुस्त व्हावे, ही माझी अपेक्षा आहे. ग्रीसचे टॅक्सीचालक ग्रेगोरिओस साचिनिडिस यांनी आपली १९७६ ची मर्सिडीज २४० डी तब्बल ४६ लाख किलोमीटर चालवली आणि २००४ मध्ये ती कंपनीच्या संग्रहालयाकडे गेली. हा किस्सा जुन्या डिझेलच्या कौतुकात नेहमी सांगितला जातो, पण त्यांनी तेवढ्या अंतरात अनेकदा इंजिने आलटूनपालटून बसवली हे सांगायचे राहून जाते. मला तोच भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. ती गाडी पुन्हा पुन्हा दुरुस्त होऊ शकत होती, म्हणून एवढी टिकली.

जुन्या गाडीच्या बाजूने एवढे लिहिल्यावर तिच्या उणिवाही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हव्यात. पहिली आणि सर्वांत मोठी उणीव म्हणजे ती माणसांवर अवलंबून आहे. आमचे मिस्त्री आता सत्तरीकडे झुकले आहेत, आणि पंप-नोझलचे काम कानाने ओळखणारी त्यांच्यासारखी माणसे पुण्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली असतील. तुमच्या शहरात असा माणूस नसेल, तर माझी सगळी शिफारस मागे घेतली आहे असे समजावे. सुट्या भागांचे चित्र त्यापेक्षा बरे आहे. जगभरात या मालिकेच्या पंचवीस लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या, त्यामुळे भाग अजून निघतात. किरकोळ गोष्टी नाना पेठेत मिळतात, जुने दिवे किंवा काचा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रस्त्यावर शोधाव्या लागतात, आणि काही गोष्टींसाठी जर्मनीहून पार्सल येईपर्यंत महिना-दीड महिना थांबावे लागते. मात्र तोवर गाडी बहुधा चालत राहते, हा फरक आहे.

दुसरी उणीव सुरक्षिततेची. तिच्या काळात ती उत्तम मानली गेली, पण आजच्या गाडीतल्या एअरबॅगांची संख्या, घसरण सावरणारी यंत्रणा, आपोआप लागणारे ब्रेक यांच्याशी तिची बरोबरी नाही. रोज महामार्गावर लहान मुलांना घेऊन जाणाऱ्याने हा मुद्दा बाकी सर्वांच्या वर ठेवावा, असे मी मनापासून सांगेन. तिसरी उणीव धुराची आहे, आणि ती मला खरोखर टोचते. पीयूसीच्या चाचणीत गाडी उत्तीर्ण होते, तरी तिचा धूर नव्या गाडीच्या धुराच्या जवळपासही स्वच्छ नाही. म्हणूनच मी ती शहरातल्या रोजच्या कामाला वापरत नाही. त्यासाठी घरात पेट्रोलची एक छोटी गाडी आहे. कागदपत्रांचे म्हणाल, तर पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर हे करावेच लागते. २०२२ च्या एप्रिलपासून त्याचे शुल्कही बरेच वाढले आहे. दिल्ली परिसरात राहणाऱ्या मराठी वाचकांनी तर दहा वर्षांवरील डिझेल गाडीचा विचार न केलेला बरा. अशा गाड्यांवर बंदी घालणारा हरित लवादाचा २०१५ चा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये कायम ठेवला आणि त्यानंतरही तो विषय पुन्हा पुन्हा न्यायालयात येत राहिला आहे.

मधल्या काळातली गाडी का घेऊ नये, असे एका मित्राने विचारले. म्हणजे २००५ ते २०१० च्या दरम्यानची, कॉमन रेल असलेली पण युरियाची टाकी नसलेली. कल्पना चांगली आहे आणि अनेकांना ती मानवलीही आहे. मला स्वतःला ती दोन दगडांवर पाय ठेवल्यासारखी वाटते. इंजेक्टरच्या बैठकीतून वायू झिरपून साचणारी कडक काजळी, म्हाताऱ्या झालेल्या इलेक्ट्रॉनिक पेट्या, आणि काही मॉडेलांतले विजेवर चालणारे ब्रेक, अशा गोष्टींना तेव्हाचे संगणक लागतात आणि आजचा कारागीर त्यांत रमत नाही. अगदी नीट नोंदी ठेवलेली एखादी मिळाली तर जरूर पाहावी.

ज्यांचा प्रवास लांबचा आणि नियमित आहे, अधिकृत कार्यशाळा वीस-पंचवीस किलोमीटरच्या आत आहे आणि कंपनीची वाढीव हमी शिल्लक आहे, त्यांनी नवी गाडी निःशंकपणे घ्यावी. हमीच्या आत तो सेन्सर बदलून मिळाला असता तर मीही कदाचित हा लेख वेगळ्या सुरात लिहिला असता. माझ्या गाडीची हमी आठ महिन्यांपूर्वी संपली होती. पण ज्याच्याकडे रोजच्या कामाला दुसरी गाडी आहे, वर्षाला सात-आठ हजार किलोमीटरच चालवायचे आहेत, गावाकडे, घाटात, कार्यशाळेपासून दूर जायचे असते, आणि ज्याला एका भरवशाच्या मिस्त्रीचा दूरध्वनी क्रमांक ठाऊक आहे, त्याने जुनीचा विचार गांभीर्याने करावा. मी नवी विकली. पुढच्या गणपतीला आई त्या जुन्या गाडीच्या मागच्या बाकावर बसून गावाला गेली, आणि वाटेत आम्ही कराडला दोनदा चहा घेतला.

जुनी पाहायला जाणार असाल तर एक गोष्ट सांगून ठेवतो. विक्रेते आपण पोहोचण्याआधी गाडी थोडी चालवून तापवून ठेवतात, आणि तापलेले डिझेल कसेही सुरू होते. म्हणून आदल्या रात्रीच कळवावे की गाडी कोणी हलवू नये, आणि सकाळी बॉनेटला हात लावून ते गार आहे याची खात्री करून मगच चावी स्वतः फिरवावी. हीटरचा दिवा विझल्यावर दोन-तीन फेऱ्यांत इंजिन पकडले, पहिला पांढरट धूर अर्ध्या मिनिटात निवळला आणि पाचही सिलिंडर एका लयीत बोलू लागले, तर पुढच्या गोष्टींकडे वळावे. त्यानंतर चावी बंद करून पाहावी. लगेच थांबली नाही, तरी सौदा मोडू नका. पंपाजवळचा तो खटका शोधा आणि नळ्यांच्या खर्चाइतकी किंमत कमी करून मागा.